तुमचा धंदा कोणता? गिरणगावाच्या छातीतली धूळ आणि न विचारलेला प्रश्न

हिंदमाताच्या उड्डाणपुलाखाली आणि टाटा हॉस्पिटलच्या आजूबाजूच्या फूटपाथवर कॅन्सरचे पेशंट नातेवाइकांसह मुक्काम करतात, हे दादर-परळच्या माणसाला नवे नाही. त्यांना नाव विचारले जाते, गाव विचारले जाते, रेशनकार्ड कोणत्या रंगाचे ते विचारले जाते. विडी-तंबाखू किती, हेही विचारले जाते. एक प्रश्न मात्र फार क्वचित विचारला जातो. तुम्ही आयुष्यभर काम काय केले?

हा प्रश्न आम्ही शोधून काढलेला नाही. १७०० साली बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला त्याचा धंदा विचारल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही, असे वैद्यांना बजावले. त्याला तीनशे वर्षे उलटून गेली. आपल्याकडे मात्र उलटा प्रकार. लग्न जमवताना, खोली भाड्याने देताना आडून आडून धंदा विचारतात, कारण त्यातून जात कळते. आणि जिथे धंदा विचारल्याने जीव वाचू शकतो किंवा निदान नुकसानभरपाई मिळू शकते, तिथे कोणी विचारत नाही.

आम्ही या लेखात मेसोथेलिओमा या रोगाबद्दल आणि तो ज्यामुळे होतो त्या ॲस्बेस्टॉसबद्दल लिहीत आहोत. आमचा मुद्दा साधा आहे. धूळ हवेत उडते, पण ती सगळ्यांच्या छातीत सारखी जात नाही. ती कोणाच्या छातीत जाईल हे आधी ठरलेले असते.

रोग काय आहे?

ॲस्बेस्टॉस हे खनिज आहे. दगडासारखे खाणीतून निघते, पण पिंजले की कापसासारखे तंतू सुटतात. ते जळत नाहीत, कुजत नाहीत, स्वस्त पडतात. म्हणून बॉयलरभोवतीच्या वेष्टणात, ब्रेकच्या लायनिंगमध्ये, दोरात, गॅस्केटमध्ये, पाइपात आणि आपण ज्याला 'सिमेंटचा पत्रा' म्हणतो त्या छपरात ते घातले गेले.

हे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक होऊन श्वासावाटे आत जातात. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळू पाहतात, पण लांब तंतू गिळता येत नाही आणि विरघळवताही येत नाही. वर्षानुवर्षे तिथे दाह चालू राहतो. त्यातून तीन मोठे आजार होतात. फुप्फुस आतून निबर होते, तो ॲस्बेस्टॉसिस. दुसरा फुप्फुसाचा कॅन्सर. तंबाखू ओढणाऱ्यात त्याचा धोका कैक पटींनी वाढतो. तिसरा मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर. याचा विडी-सिगारेटशी संबंध नाही. बहुतेक रुग्णांत त्याचे कारण ॲस्बेस्टॉस हेच असते.

मेसोथेलिओमाची क्रूर गोष्ट म्हणजे त्याची सवड. धूळ छातीत गेल्यापासून रोग दिसेपर्यंत २० ते ५० वर्षे जातात. विसाव्या वर्षी कामाला लागलेला माणूस निवृत्त होतो, कारखाना बंद पडतो, जागेवर टॉवर उभा राहतो आणि मग एक दिवस त्याला दम लागतो, छातीत दुखते, फुप्फुसाभोवती पाणी होते. आपल्याकडे 'छातीत पाणी झाले' म्हटले की पहिला संशय टीबीचा. तो गैर नाही, गिरणगावात टीबी घरोघरी होता. पण टीबीच्या गोळ्यांनी पाणी हटत नाही तेव्हाही धंदा विचारला जात नाही. पक्के निदान व्हायला तुकडा काढून विशेष तपासणी करावी लागते. ते होईपर्यंत बहुतेकांच्या हातात वर्ष-दीड वर्षही उरत नाही.

कळले केव्हा आणि कारखाना आला केव्हा

'तेव्हा कोणाला माहीत होते?' असे मालकांचे वकील जगभर म्हणत आले. इतिहास वेगळे सांगतो.

इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात नेली केरशॉ ही बाई ॲस्बेस्टॉसचे सूत कातत होती. १९२४ साली ३३ व्या वर्षी ती वारली. कंपनीने भरपाई नाकारली. तिच्या फुप्फुसाची तपासणी डॉक्टर कुक यांनी त्याच वर्षी वैद्यकीय नियतकालिकात छापली. १९३० साली मेरेवेदर आणि प्राइस यांनी ब्रिटिश सरकारला अहवाल दिला. ३६३ कामगार तपासले, त्यांतल्या जवळजवळ दर चौघांमागे एकाचे फुप्फुस निबर झालेले होते. १९३१ साली ब्रिटनमध्ये धुळीचे नियम झाले. १९५५ साली रिचर्ड डॉल यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरशी संबंध दाखवला. १९६० साली वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या खाणपट्ट्यातले मेसोथेलिओमाचे रुग्ण मांडले. १९६५ साली लंडनमध्ये न्यूहाउस आणि थॉमसन यांनी दाखवले की कारखान्यात पाऊलही न टाकलेल्या, फक्त घरच्या कामगाराचे कपडे धुणाऱ्या बायकाही या रोगाने मरतात.

आता मुंबईकडे या. त्याच टर्नर कुळातल्या टर्नर अँड न्यूऑल कंपनीची उपकंपनी हिंदुस्तान फेरोडो स्वातंत्र्यानंतर घाटकोपरला उभी राहिली. ॲस्बेस्टॉसचे कापड आणि ब्रेकचे लायनिंग तिथे होत असे. पुढे ती हिंदुस्तान कॉम्पोझिट्स झाली. म्हणजे मायदेशात जे १९३० साली सरकारी कागदावर आले होते, तेच काम नंतर इथे आणले गेले.

२००५ साली डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी या कारखान्यातल्या कायम कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १८१ कामगार तपासले, त्यांतल्या सुमारे २२ टक्क्यांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. १९३० चे इंग्लंड आणि २००५ ची मुंबई यांत पाऊणशे वर्षांचे अंतर, पण प्रमाण थेट शेजारी बसणारे. त्याच लेखात त्यांनी म्हटले आहे की देशात अंदाजे एक लाख कामगार ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात असताना भरपाई मिळालेल्यांची संख्या ३० हूनही कमी होती. कारणे देताना त्यांनी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाची उणीव सांगितली, तशीच मध्यमवर्गीय डॉक्टरांची कामगारांविषयीची वर्गीय अढीही सांगितली. आणि हे लक्षात घ्या, अभ्यास कायम कामगारांचा होता. कंत्राटी, बदली, झाडलोट करणारा माणूस या आकड्यातही नाही.

गिरणीत धूळ कोणाच्या वाट्याला आली?

ॲस्बेस्टॉसच्या आधी गिरणगावाने दुसरी धूळ खाल्ली होती, कापसाची. तिच्यामुळे होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामावर आले की छाती आवळते, म्हणून त्याला सोमवारचा ताप असेही नाव पडले. हा आजार गिरणीत सगळीकडे सारखा नसतो. कापूस फोडायचे ब्लो रूम आणि पिंजायचे कार्डिंग इथे तो सर्वांत जास्त, नंतर रिंग खात्यात, आणि साचाखात्यात त्यामानाने कमी.

साचाखात्यात पगार जास्त होता आणि तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कांडी संपली की धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. आमची माणसे धूळ जास्त आणि पैसा कमी अशा खात्यांत अडकली. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला आणि साचाखाते आमच्यासाठी खुले करण्याची मागणी लावून धरली. हे ते पुस्तकात वाचून बोलत नव्हते. ते स्वतः परळला पोयबावडीच्या बीआयटी चाळीत वर्षानुवर्षे राहिले होते, बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम परळच्याच दामोदर हॉलमधून चालले होते. भोंगा झाल्यावर कोण कोणत्या खात्यात जातो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

आजवर या प्रसंगाकडे विटाळाचा प्रसंग म्हणून पाहिले गेले. आम्ही म्हणतो, तो फुप्फुसाचाही प्रसंग आहे. ज्याला धोट्यापाशी येऊ दिले नाही, तो कापसाच्या धुळीत ठेवला गेला. जातीने नुसती इज्जत घेतली नाही, श्वासही घेतला. आणि जी समाजरचना गिरणीत हे करते, ती बॉयलरचे जुने वेष्टण खरवडायला, पत्रे फोडायला, दारूखान्यात जुनी जहाजे तोडायला कोणाला पाठवते, याचे उत्तर वेगळे शोधायला नको.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या. चाळीसेक वर्षांत शेड पाडून मॉल आणि टॉवर उभे राहिले. जुन्या इमारतीतले पत्रे, पाइप आणि वेष्टणे फोडणारा मजूर कंत्राटदाराचा, तोंडाला रुमाल बांधलेला. रुमालातून हे तंतू आरपार जातात. त्याचे नाव कुठल्याही हजेरीपटावर नाही. २० ते ५० वर्षांचा हिशेब करा. त्याचा रोग अजून यायचा आहे.

कायदा होता, आहे

कायदाच नाही म्हणून अन्याय झाला, असे म्हणता येत नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ साली, कामगारांच्या आरोग्यविम्यावरचा अदारकर अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा उभा राहिला. कामगाराचा आजार ही त्याची खासगी कटकट नसून उद्योगाची आणि राज्याची जबाबदारी आहे, हे तत्त्व त्यात आहे. ॲस्बेस्टॉसिस आणि ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा हे भरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेले आहेत.

२७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे त्यात म्हटले. प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांतले जे नंतर येईल तोवर ठेवण्याचा आदेश दिला. त्या खटल्यातल्या ज्या कामगारांना फेरतपासणीत रोग निघेल, त्यांना एक लाख रुपये देण्यास सांगितले. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती के. रामस्वामी दलित समाजातून आलेले होते. प्रतिनिधित्व म्हणजे काय, असे विचारणाऱ्यांनी हा निकाल वाचावा. आणि निकाल नुसता लिहून भागत नाही, हेही वर दिलेल्या २००५ च्या आकड्यांवरून समजून घ्यावे.

तीन आक्षेप

पहिला उद्योगाचा: 'पांढरा ॲस्बेस्टॉस सुरक्षित आहे.' जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था सर्व प्रकारच्या ॲस्बेस्टॉसला माणसात कॅन्सर करणारा पदार्थ मानते. ब्रिटनने १९९९ साली बंदी घातली, युरोपीय संघाने २००५ पर्यंत. आपल्याला वर्षानुवर्षे माल विकणाऱ्या कॅनडानेही २०१८ साली घातली. भारत मात्र आजही आयात करतो. 'गरिबाचे स्वस्त छप्पर' हे त्याचे समर्थन. गरिबाचे स्वस्त मरण, असे त्याचे भाषांतर आम्ही करतो.

दुसरा सरकारी: 'भारतात मेसोथेलिओमाचे रुग्णच फार सापडत नाहीत.' विचारलेच नाही तर सापडतील कसे? जिथे धंदा नोंदला जात नाही तिथे धंद्याचा रोगही नोंदला जात नाही. मग तो टीबी ठरतो, विडी ठरतो, नाहीतर नशीब ठरतो.

तिसरा आपल्यातला: 'हा युनियनचा विषय, आपल्या चळवळीचा नाही.' १९३८ साली मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांसमोर बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. युनियनने जात पाहिली नाही आणि आपण छाती पाहिली नाही, तर दोघांच्या मधल्या फटीत आपला माणूस मरतो.

आपण बौद्ध आहोत. दुःख आहे आणि दुःखाला कारण आहे, हे आपण वंदनेपुरते म्हणत नाही. मागच्या जन्माच्या कर्मावर आजार ढकलणे बाबासाहेबांनी नाकारले. मेसोथेलिओमाला कारण आहे. त्याला पत्ता आहे, मालक आहे, साल आहे.

मग करायचे काय?

प्रत्येक वस्तीत, प्रत्येक विहारात साठीच्या पुढच्या माणसांच्या कामाची नोंद करू या: कोणता कारखाना, कोणते खाते, किती साल ते किती साल. हजेरीकार्ड, पगाराची पावती, ईएसआयचे कार्ड, जे असेल ते जपून ठेवू या. कामगाराच्या बायकोची, त्याचे कपडे धुणाऱ्या आईची नोंदही वेगळी करू या. दम लागणाऱ्या किंवा छातीत पाणी झालेल्या माणसाने डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपला धंदा स्वतः सांगावा आणि केसपेपरवर लिहून घ्यायला लावावा. टीबीची औषधे मनाने बंद करू नयेत, पण फरक नसेल तर पुढची तपासणी मागावी.

डोक्यावरच्या पत्र्याने घाबरून जाऊ नये. अखंड पत्र्याचा धोका कमी असतो. तो कापताना, भोके पाडताना, फोडताना तंतू सुटतात. म्हणून पत्रा फोडू नये, काढायचाच असेल तर पाणी मारून अखंड काढावा, चुरा कोरडा झाडू नये, मुलांना लांब ठेवावे.

सरकारकडे मागण्या तीन: ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आणि पर्यायी छपरासाठी अनुदान, इमारत पाडण्यापूर्वी ॲस्बेस्टॉसची तपासणी सक्तीची, आणि सरकारी, पालिकेच्या, ईएसआयच्या प्रत्येक दवाखान्यात केसपेपरवर धंद्याचा रकाना.

या तिसऱ्या मागणीला एक पैसा लागत नाही. कागदावर एक ओळ वाढवायची आहे. तेवढी ओळही वाढत नसेल, तर खर्च परवडत नाही हे कारण नव्हे. ती ओळ भरली तर कोणाकोणाला जाब द्यावा लागेल, हे कारण आहे.

जय भीम.