विजेच्या मोटारीची स्पर्धा : अमेरिका आणि चीन

चीनच्या विजेवर चालणाऱ्या मोटारी अमेरिकन मोटारींपुढे टिकाव धरतील काय, हा प्रश्न आज वर्तमानपत्रांतून, कचेऱ्यांतून आणि आगगाडीच्या डब्यांतूनही चर्चिला जातो. या चर्चेत बहुधा दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो की, चिनी माल तो चिनीच : स्वस्त, देखणा आणि अल्पायुषी. दुसरा म्हणतो की, चीनने हे क्षेत्र जिंकलेलेच आहे, आता उरला आहे तो केवळ उपचार. आम्हांला ही दोन्ही मते उतावळेपणाची वाटतात. या स्पर्धेला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, याचा दोघांनाही विसर पडलेला दिसतो. आणि हा इतिहास जितका कारखान्यांचा आहे तितकाच सरकारी हुकूमांचा, अनुदानांचा व जकातींचा आहे. दिवसभर फायलींत मान घालून बसणाऱ्या आमच्यासारख्यांना तो थोडा अधिक जवळचा वाटावा, यात नवल नाही.

विजेची मोटार ही आजकालची नवलाई आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः १९०० च्या सुमारास अमेरिकेच्या रस्त्यांवर वाफेच्या, विजेच्या आणि पेट्रोलच्या अशा तिन्ही जातींच्या मोटारी धावत होत्या, आणि त्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश विजेच्या होत्या. त्या आवाज करीत नसत, धूर सोडीत नसत आणि सुरू करण्यासाठी हातात दांडा घेऊन घाम गाळावा लागत नसे. १९०७ पासून निघू लागलेली ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ ही मोटार तर इतकी लोकप्रिय झाली की, पेट्रोलची मोटार घरोघर पोचविणाऱ्या हेन्री फोर्डची पत्नी क्लारा हीदेखील तीच वापरीत असे! पुढे दोन गोष्टींनी या मोटारीचा घात केला. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ने १९०८ नंतर पेट्रोलच्या गाडीची किंमत उतरवीत आणली, आणि चार्ल्स केटरिंगने शोधलेला विजेचा ‘स्टार्टर’ १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसला, त्यामुळे दांडा फिरविण्याचे कष्टही सरले. त्या वर्षी विजेची मोटार १,७५० डॉलरला, तर पेट्रोलची ६५० डॉलरला मिळे. विजेच्याच एका लहानशा यंत्राने विजेच्या मोटारीला रस्त्यावरून हुसकावून लावावे, हा विनोद इतिहासच करू जाणे.

मधली सत्तर-पंचाहत्तर वर्षे आपण सोडून देऊ. १९९० साली कॅलिफोर्निया राज्याने धुराला कंटाळून असा नियम केला की, मोठ्या मोटार कंपन्यांनी काही ठराविक प्रमाणात धूरविरहित गाड्या विकल्याच पाहिजेत. त्याच्या दडपणाखाली जनरल मोटर्सने १९९६ साली ‘ईव्ही-१’ नावाची विजेची मोटार बाहेर काढली. ती विकत मिळत नसे, भाड्याने मिळे. जेमतेम अकराशेच्या वर गाड्या निघाल्या. पुढे नियम शिथिल झाला, आणि कंपनीने २००३ साली तो उद्योग गुंडाळला. गाड्या परत घेतल्या व थोड्या संग्रहालयांना देऊन बाकीच्या मोडीत काढल्या. भाडेकरूंनी गयावया केल्या, पैसे देऊ केले. उपयोग झाला नाही.

हे २००३ साल वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात मार्टिन एबरहार्ड व मार्क टार्पेनिंग या दोघा अभियंत्यांनी टेस्ला कंपनीची स्थापना केली; आणि त्याच वर्षी चीनच्या शेंझेन शहरातील बीवायडी नावाच्या एका बॅटरी-कंपनीने शीआन येथील एक रडतखडत चाललेला मोटार कारखाना विकत घेतला. अमेरिकेतील सर्वांत बलाढ्य कंपनी ज्या वर्षी हे दुकान बंद करीत होती, त्याच वर्षी दोन अनोळखी माणसांची दुकाने उघडत होती.

बीवायडीचा संस्थापक वांग चुआनफू हा आन्ह्वी प्रांतातला, शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ. १९९५ साली त्याने भ्रमणध्वनीच्या बॅटऱ्या करण्यास प्रारंभ केला. जपानी कंपन्या हे काम महागड्या स्वयंचलित यंत्रांवर करीत. वांगजवळ तेवढे भांडवल नव्हते. म्हणून त्याने कामाचे बारीक बारीक तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकडा साध्या साच्यांच्या साहाय्याने मजुरांच्या हातून करवून घेतला. मोटार कारखान्याची खरेदी त्याच्या भागधारकांना मुळीच रुचली नाही, आणि शेअरची किंमत कोसळली. आरंभीच्या त्याच्या पेट्रोल गाड्या जपानी गाड्यांच्या उघडउघड नकला होत्या, हेही सांगितले पाहिजे. परंतु मोटार करणाऱ्याने पुढे बॅटरी शोधीत हिंडणे वेगळे, आणि बॅटरी करणाऱ्याने तिच्याभोवती मोटार उभी करणे वेगळे. विजेच्या मोटारीच्या किमतीतील सर्वांत मोठा एकटा हिस्सा बॅटरीचाच असतो.

आता सरकारकडे वळू. चीनने ही वाट धरली ती पर्यावरणाच्या प्रेमापोटी, असे कोणी सांगू लागल्यास त्यावर चटकन विश्वास ठेवू नये. पेट्रोल-इंजिनाच्या विद्येत जर्मनी, जपान व अमेरिका शंभर वर्षे पुढे होती. १९९३ पासून चीनला तेल बाहेरून आणावे लागत होते. आणि शहरांतील हवा कोंदटत चालली होती. मागून धावत जाऊन गाठता येत नाही, तर शर्यतीचा रस्ताच बदलावा, असा हा हिशेब होता. तो मांडणाऱ्यांपैकी वान गांग हा जर्मनीत आउडी कंपनीत अभियंता होता. मायदेशी परतल्यावर २००१ साली सुरू झालेल्या विद्युत्-वाहन संशोधन योजनेत त्याने प्रमुख भाग घेतला, आणि २००७ साली तो विज्ञान व तंत्रज्ञान खात्याचा मंत्री झाला. तेही कम्युनिस्ट पक्षाचा सभासद नसताना. २०१८ पर्यंत तो त्या जागेवर होता. २००९ पासून शहराशहरांत अनुदाने सुरू झाली. बीजिंगमध्ये पेट्रोलच्या नव्या गाडीच्या नंबरासाठी सोडतीत वर्षानुवर्षे नशीब अजमावावे लागे, तेथे विजेच्या गाडीला वेगळी वाट मोकळी ठेवण्यात आली. २०१७ च्या अखेरीस शेंझेन शहराच्या सोळा हजारांवर बसगाड्या झाडून साऱ्या विजेवर चालू लागल्या.

या काळात लबाडी झाली नाही असे नव्हे. २०१६ साली चीनच्या अर्थखात्याच्या तपासणीत पाच बस-कंपन्यांनी खोट्या आकड्यांवर एक अब्ज युआनहून अधिक अनुदान उकळल्याचे आढळले. कित्येक कंपन्या निघाल्या आणि बुडाल्या. परंतु लबाडी सापडली म्हणून योजना रद्द झाली नाही. नियम कडक झाले, अनुदानाची रक्कम टप्प्याटप्प्याने उतरत गेली आणि २०२२ च्या अखेरीस केंद्राचे खरेदी-अनुदान संपविण्यात आले. एकच शासकीय धोरण वीस वर्षे चिकाटीने चालणे ही गोष्ट किती दुर्मिळ आहे, हे सेवेत असणाऱ्या वाचकांना आम्ही सांगावयास नको.

याच्या उलट अमेरिकेची कथा पाहा. लोह-फॉस्फेटची जी लिथियम बॅटरी आज चिनी मोटारींचा कणा झालेली आहे, तिचा शोध चीनमध्ये लागलेला नाही. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत तो लागला; १९९७ च्या त्या शोधनिबंधावर पाढी व नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावेही आहेत. ही विद्या कारखान्यात उतरविण्यासाठी मॅसॅच्युसेट्समध्ये २००१ साली ‘ए-१२३ सिस्टिम्स’ ही कंपनी निघाली. २००९ साली ओबामा सरकारने तिला सुमारे २५ कोटी डॉलरचे अनुदान मंजूर केले. पण अमेरिकेत विजेच्या गाड्यांना गिऱ्हाईक नव्हते, कंपनीच्या मालात दोष निघाले, आणि २०१२ च्या ऑक्टोबरात तिने दिवाळे काढले. लिलावात ती कोणी घेतली? वानशियांग या चिनी कंपनीने. शोध अमेरिकेचा, पैसा अमेरिकन करदात्याचा, आणि फळ पडले ते दुसऱ्याच्या अंगणात. पुढे फूच्येन प्रांतातील निंगदे गावी २०११ साली स्थापन झालेली सीएटीएल ही कंपनी जगातील सर्वांत मोठी बॅटरी-उत्पादक ठरली.

तथापि अमेरिकेच्या पदरी जे माप पडते ते घालण्यात कुचराई करता कामा नये. विजेची मोटार हौशी माणसाचे खेळणे नसून पेट्रोलच्या उत्तम गाडीहून सरस असू शकते, हे जगाला पटविले ते टेस्लाने. २००८ ची ‘रोडस्टर’ आणि २०१२ ची ‘मॉडेल एस’ या गाड्यांनी ते काम केले. २०१० साली मिळालेले ४६ कोटी ५० लाख डॉलरचे सरकारी कर्ज तिने २०१३ साली मुदतीपूर्वीच फेडून टाकले. पुढे चीनने विजेच्या मोटारींपुरती परकीय मालकीवरील मर्यादा उठविली आणि टेस्लाने शांघायमध्ये पूर्णतः आपल्या मालकीचा कारखाना घातला. २०१९ च्या जानेवारीत पायाभरणी झाली आणि डिसेंबर संपण्यापूर्वी गाड्या बाहेर पडल्या! चीनने परकीय मल्लाला आपल्या आखाड्यात बोलावले ते आपले गडी तयार व्हावेत म्हणून. सुटे भाग पुरविणारे कारखानदार तयार झाले, आणि गिऱ्हाइकाची दृष्टीही.

परिणाम आकड्यांत पाहू. २०११ साली एका मुलाखतीत बीवायडीचे नाव निघताच टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क हसले होते. २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत बीवायडीने केवळ बॅटरीवर चालणाऱ्या ५ लाख २६ हजार मोटारी विकल्या. टेस्लाने ४ लाख ८४ हजार. २०२४ च्या पूर्ण वर्षात टेस्ला अगदी थोडक्याने पुढे राहिली. २०२५ मध्ये मात्र बीवायडीचा आकडा साडेबावीस लाखांवर गेला आणि टेस्लाचा सोळा लाख छत्तीस हजारांवर आला. फोर्ड कंपनीचे प्रमुख जिम फार्ली यांनी २०२४ साली चिनी ‘शाओमी’ मोटार सहा महिने चालवून पाहिली आणि ती परत द्यावीशी वाटत नाही, अशी जाहीर कबुली दिली. अर्थात विक्री म्हणजे नफा नव्हे. चीनमध्ये किमती पाडण्याची अशी चढाओढ माजली की, खुद्द सरकारला २०२५ साली कंपन्यांना आवरण्याची भाषा करावी लागली.

मग अमेरिकेच्या बाजारात चिनी मोटारी का दिसत नाहीत? कारण तेथे सामनाच झालेला नाही. २०२४ च्या मे महिन्यात बायडेन सरकारने चिनी विजेच्या मोटारींवरील जादा जकात २५ टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर नेली. २०२५ च्या जानेवारीत चिनी संगणक-प्रणाली असलेल्या मोटारींना बंदी करणारा नियम झाला. यावर कोणी जपानचे उदाहरण देतात. १९५७ साली अमेरिकेत उतरलेली टोयोटाची ‘टोयोपेट’ तेथील महामार्गांवर धापा टाकू लागली आणि लोक हसले. १९७३ च्या तेलटंचाईनंतर हसणे थांबले. १९८१ साली जपानच्या मोटारींवर वर्षाला १६ लाख ८० हजारांची मर्यादा आली. आणि १९८२ साली होंडाने ओहायओतच मोटारी तयार करण्यास प्रारंभ केला. पण जपान हे अमेरिकेचे मित्रराष्ट्र होते. त्याला भिंतीच्या आत कारखाना घालू देण्यात आला, आणि त्यापासून अमेरिकन कंपन्या पुष्कळ शिकल्या. टेस्लाचा कॅलिफोर्नियातील पहिला मोठा कारखाना म्हणजे पूर्वीचा जनरल मोटर्स व टोयोटा यांचा सामाईक कारखानाच होय. चीनच्या बाबतीत ते दार आतून बंद आहे. आमच्या मते या बंद दाराने अमेरिकन कामगाराचे काही काळ रक्षण होईल. अमेरिकन मोटार मात्र त्यामुळे सुधारणार नाही. त्यातच विजेच्या गाडीच्या खरेदीवर मिळणारी ७,५०० डॉलरपर्यंतची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपविण्यात आली. एका सरकारने द्यावे आणि दुसऱ्याने काढून घ्यावे, हा खेळ तेथे पुन्हा झाला.

खरी लढत तिसऱ्याच देशांत चालू आहे, आणि त्यांत आपलाही देश येतो. गुजरातेत हालोल येथे आणि पुण्याजवळ तळेगाव येथे जनरल मोटर्सचे दोन कारखाने होते. २०१७ साली त्या कंपनीने भारतात मोटारी विकणे थांबविले. हालोलचा कारखाना शांघायच्या साइक कंपनीने घेतला. आज तेथे एमजी नावाखाली, आता जेएसडब्ल्यूच्या भागीदारीत, विजेच्या गाड्या तयार होतात. तळेगावचा कारखाना ग्रेट वॉल या चिनी कंपनीला हवा होता. परंतु २०२० च्या एप्रिलात केंद्र सरकारने शेजारी राष्ट्रांतून येणाऱ्या भांडवलाला पूर्वपरवानगीची अट घातली. १५ जून रोजी महाराष्ट्र सरकारने ग्रेट वॉलबरोबर करार केला, आणि त्याच रात्री गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले. परवानगी आली नाही. दोन वर्षे वाट पाहून चिनी कंपनीने नाद सोडला, आणि २०२३ साली तो कारखाना कोरियाच्या ह्युंडाईने घेतला. १५ जुलै २०२५ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे भारतातील पहिले दालन उघडले. जकातीसह साठ लाख रुपयांच्या घरात किंमत असलेली ती अमेरिकन मोटार मुंबईच्या बंदरात उतरली होती ती शांघायहून.