मंजूर नकाशा आणि रहिवाशांची संमती

मे १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. त्याच महिन्यात सदनिकांच्या विक्रीतील गैरप्रकारांची चौकशी करण्यासाठी शासनाने एक समिती नेमली. तिचा अहवाल जून १९६१ मध्ये सादर झाला व त्यातून मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा १९६३ चा अधिनियम जन्मास आला. या अधिनियमाचे सातवे कलम विशेष महत्त्वाचे होय. मंजूर नकाशा एकदा सदनिका घेणाऱ्यास दाखविला, की त्या सर्वांच्या पूर्वसंमतीवाचून इमारतीत फेरफार करण्यास अथवा जादा बांधकाम करण्यास प्रवर्तकास मनाई करण्यात आली.

या तरतुदीमागील विचार सरळ होता. घर घेणारा केवळ चार भिंती विकत घेत नाही. नकाशावर दाखविलेले मोकळे अंगण, उजेड आणि वारा यांचेही मोल तो देतो. परंतु उपनगरांतील विस्तीर्ण भूखंडांवर इमारती एकामागून एक, अनेक वर्षे उभ्या राहत. पहिल्या इमारतीतील एका रहिवाशाने नकार दिला, तर उर्वरित योजना अडून राहावी काय, असा प्रश्न निर्माण झाला. कल्पिता एन्क्लेव्ह गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने रहिवाशांच्या संमतीवाचून जादा इमारत बांधता येणार नाही, असा निर्णय दिला. त्यावर विधिमंडळाने १९८६ साली अधिनियमात दुरुस्ती केली. जादा बांधकामाविषयीचे शब्द वगळण्यात आले आणि अभिन्यासातील अन्य इमारतींना संमतीची अट कधी लागूच नव्हती, असे पूर्वलक्षी प्रभावाने घोषित करण्यात आले.

दुरुस्तीने वाद मिटला नाही. त्याचे स्वरूप मात्र पालटले. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्कांची पद्धती आणली. परिणामी, सदनिका विकल्यानंतरही भूखंडाची बांधकामक्षमता वाढू लागली. ही वाढ कोणाची, जमीन अद्याप स्वतःच्या नावे ठेवणाऱ्या प्रवर्तकाची की तीवर राहणाऱ्यांची? कांदिवलीच्या मधुविहार संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००७ मध्ये या प्रश्नाचा विचार केला. भूखंडाच्या विकासक्षमतेची संपूर्ण व सत्य माहिती प्रवर्तकाने आरंभीच उघड करावयास हवी, या कर्तव्यावर न्यायालयाने भर दिला आणि प्रकरण फेरविचारार्थ उच्च न्यायालयाकडे परत पाठविले.

पुढे केंद्राच्या २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने मध्यम मार्ग स्वीकारला. मंजूर नकाशा वा अभिन्यास यांत मोठा बदल करावयाचा असल्यास प्रवर्तकाखेरीज किमान दोन तृतीयांश घरधारकांची लेखी पूर्वसंमती आवश्यक ठरली. एका व्यक्तीने कितीही सदनिका घेतल्या, तरी तिचे मत एकच धरले जाते.

या इतिहासाचा संबंध केवळ मुंबईशी नाही. १९६३ चा अधिनियम सदनिकांपुरता होता. २०१६ च्या अधिनियमाने विक्रीसाठी पाडलेले भूखंडही कक्षेत घेतले, तथापि नोंदणीची सक्ती मुख्यतः नियोजन क्षेत्रापुरती ठेवली. म्हणून धाराशिव जिल्ह्यातील जळकोटसारख्या, सोलापूर-हैदराबाद मार्गावरील गावी भूखंड घेणाऱ्याने ते क्षेत्र कायद्याच्या कोणत्या बाजूस येते हे आधी पाहणे अगत्याचे ठरते. सर्वांची संमती, कोणाचीच नाही आणि दोन तृतीयांशांची, अशा तीन टप्प्यांतून हा कायदा गेला. प्रत्येक टप्प्यावर प्रश्न एकच होता: नकाशावर मोकळी दाखविलेली जागा हे वचन आहे, की केवळ रेखाटन?