भूसमाधीपासून अंतराळातील दीर्घ निद्रेपर्यंत

सौसर तालुक्यातील जामसावळीच्या हनुमंताचे दर्शन ज्यांनी घेतले आहे, त्यांना तेथील मूर्तीचे वेगळेपण सांगावयास नको. अन्यत्र उभा अथवा उड्डाणाच्या पवित्र्यात दिसणारा मारुती येथे निद्रिस्त आहे. आषाढी एकादशीस शेषशायी विष्णू निजतो व कार्तिकीस जागा होतो, ही श्रद्धा पांढुर्णा-सौसर परिसरातील मराठी घरांनी चातुर्मासाच्या नेमधर्मांतून जपली आहे. कुंभकर्ण सहा महिने झोपतो. गुहेत युगानुयुगे निजलेला मुचकुंद कालयवनाच्या लत्ताप्रहाराने जागा होतो. योगबळाने चांगदेव चौदाशे वर्षे जगले, असे परंपरा सांगते. निद्रेच्या अथवा योगाच्या आधारे काळ ओलांडता येतो, ही कल्पना आपणांस परकी नाही.

आज हीच कल्पना अंतराळशास्त्रज्ञ निराळ्या गरजेपोटी तपासीत आहेत. मंगळापर्यंतच्या एकेरी प्रवासालाच सहा ते नऊ महिने लागतात. तेवढ्या काळाचे अन्न, पाणी व प्राणवायू नेणे आणि माणसांना चिंचोळ्या यानात शहाणपणाने टिकवून ठेवणे, हे दोन्ही कठीण. प्रवासी शीतनिद्रेत राहिले तर हा भार पुष्कळ हलका होईल. ‘माणूस असा निजू शकतो काय?’ हा प्रश्न मात्र अंतराळयुगाहून बराच जुना असून त्याच्या इतिहासात भारताचे स्थान महत्त्वाचे आहे.

1837 साली लाहोरास महाराजा रणजितसिंहांच्या दरबारी हरिदास नावाच्या साधूने स्वतःस पेटीत बंद करवून पुरून घेतले. कुलपे, मोहरा आणि पहारा, सर्व बंदोबस्त होता. सुमारे चाळीस दिवसांनी त्याला बाहेर काढले, तेव्हा लुधियानाचे ब्रिटिश प्रतिनिधी क्लॉड वेड तेथे हजर होते. निश्चेष्ट, काष्ठवत् देह हळूहळू सचेतन झाल्याचे त्यांनी लिहून ठेवले. अशा वृत्तांतांच्या आधारे मँचेस्टरचे शल्यवैद्य जेम्स ब्रेड यांनी 1850 मध्ये मानवी शीतनिद्रेवर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. पाठोपाठ बंगाली वैद्य नवीनचंद्र पाल यांनी प्राणायामाचा विचार शीतनिद्रा घेणाऱ्या प्राण्यांच्या संदर्भात मांडला. त्यांचा ग्रंथ 1888 मध्ये मुंबईस तुकाराम तात्यांनी पुनर्मुद्रित केला.

या साऱ्यांत एक उणीव होती. साक्षी होते, मोजमाप नव्हते. ती उणीव दूर करण्याचा ध्यास घेतला एका मराठी माणसाने. अमळनेरास अध्यापन केलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिकही सुरू केले. प्रयोग करावा आणि तो छापून लोकांपुढे ठेवावा, ही त्यांची शिस्त होती.

1961 साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बी. के. आनंद, जी. एस. छिना व बलदेव सिंग यांनी हवाबंद पेटीत बसलेल्या रामानंद योगींवरील प्रयोग प्रसिद्ध केले. योगींचा प्राणवायूचा वापर विश्रांतीतील नेहमीच्या गरजेपेक्षाही स्पष्टपणे खाली उतरला होता. पुढे 1968 मध्ये कैवल्यधामाचे करंबेळकर, विनेकर व भोळे यांनी हवाबंद खड्ड्यातील निवासाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे मुक्कामाची मर्यादा ठरविणारी मुख्य गोष्ट म्हणजे साचत जाणारा कर्बद्विप्राणिद वायू, असे दिसून आले.

वाचकांनी एक साधा हिशेब करून पाहावा. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद व दीड मीटर खोल खड्ड्यात तीन हजार लिटर हवा मावते. तीत सुमारे 630 लिटर प्राणवायू असतो. स्वस्थ पडलेल्या माणसास तासाला सुमारे पंधरा लिटर पुरतो. म्हणजे काही तास तग धरण्यास चमत्काराची गरज नाही. परंतु तो तासाला सुमारे बारा लिटर कर्बद्विप्राणिद सोडतो. पंधरा तासांत त्याचे प्रमाण सहा टक्क्यांवर जाते आणि धाप, डोकेदुखी, गुंगी सुरू होते. जत्रेतील भूसमाधीचा खेळ जिवावर बेततो तो येथेच. भुसभुशीत मातीतून हवा आत-बाहेर होत असेल, तर मात्र सारेच गणित बदलते. चाळीस दिवसांच्या कथेकडे सावधपणे पाहावयाचे ते याच कारणाने.

मग अंतराळातील निद्रा अशक्य आहे काय? तसेही नाही. मादागास्करमधील एक लहानसा लेमूर, जो वानरांच्याच व्यापक गणातला, वर्षातील सात महिनेपर्यंत सुप्तावस्थेत राहतो, हे 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. अलास्कातील काळ्या अस्वलाच्या देहाचे तापमान शीतनिद्रेत थोडेच उतरते, पण चयापचय चतुर्थांशावर येतो, हे 2011 मध्ये दिसले. रुग्णालयांत हृदयक्रिया बंद पडून वाचलेल्या रुग्णांचे शरीर 32 ते 34 अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवण्याचा उपचारही झालेला आहे. त्याच धर्तीवर मंगळयात्रींना निद्रिस्त नेण्याच्या एका योजनेच्या अभ्यासास अमेरिकेच्या ‘नासा’ने 2013 मध्ये साहाय्य दिले. मात्र तो उपचार काही दिवसांचा. महिनोन्‌महिने तसे राहून कोणी सुखरूप उठल्याचे उदाहरण नाही. अस्वलाचे स्नायू व हाडे उन्हाळ्यापर्यंत शाबूत राहतात. अंथरुणास खिळलेल्या माणसाचे स्नायू काही आठवड्यांतच झिजू लागतात. खरे कोडे आहे ते हे.

संतांची समाधी आणि यंत्राने मोजलेली निद्रा यांची गल्लत करण्याचे कारण नाही. पहिलीचा प्रांत अध्यात्माचा, दुसरीचा शरीरशास्त्राचा. परंतु लोणावळ्याच्या संशोधकांनी दाखविलेला प्रामाणिकपणा दोन्ही प्रांतांत शोभणारा आहे. योगावर अपार श्रद्धा असूनही, आकडा जे बोलला तेच त्यांनी छापले.

वेडने पाहिलेले लिहिले म्हणून ब्रेडला विचार करता आला. ‘योगमीमांसे’चे अंक जपले गेले म्हणून पुढच्यांस ताडून पाहता आले. आश्चर्याचे ज्ञान होते ते असे, नोंदीनोंदींनी. शतकभर अशा नोंदी कपाटांत जपणाऱ्या आपल्या ग्रंथालयाचे मोल म्हणूनच मोठे आहे. ग्रंथही दीर्घकाळ निजतो, पण वाचकाचा हात लागताच जसाच्या तसा जागा होतो. माणसास हे अद्याप साधलेले नाही.