गोष्ट कोण सांगतंय?

गोष्ट ऐकताना आपण ‘पुढं काय झालं?’ असं विचारतो. आज आपण दुसरा प्रश्न विचारू : ही गोष्ट सांगतंय कोण? सांगणाऱ्याला निवेदक म्हणतात. निवेदक बदलला की तेच दुःख वेगळं ऐकू येतं. मराठी कादंबरीत विधवेच्या दुःखाचं असंच झालं.

१८५७ साली बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते आणि वाटेत तिला ठिकठिकाणच्या विधवांचे हाल दिसतात. प्रवासाच्या एका दोऱ्यात लेखकानं अनेक घरं ओवली. पण सांगणारा बाहेरचा. आपणही उंबऱ्यावरून पाहतो, हळहळतो आणि पुढं जातो.

नंतर हरिभाऊ आपटे आले. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं. त्यात ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमाक्रमानं छापून आली. इथंही नायिका यमुनाच, घरातली यमू. पण ती स्वतः ‘मी’ म्हणून बोलते, अगदी लहानपणापासूनचं, घरगुती भाषेत. याला प्रथमपुरुषी निवेदन म्हणतात. म्हणून तिचं केशवपन होतं तेव्हा ती कुणी परकी विधवा राहत नाही. इतकी पानं आपल्याशी बोललेली आपली यमू असते. लिहिणारा पुरुष होता, तरी त्यानं बाईला बोलू दिलं.

१९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. शिकलेल्या मुलींच्या मनातली घुसमट त्यात उघडपणे मांडली होती. केवढा गदारोळ झाला! लेखिका विभावरी शिरूरकर, पण हे टोपणनाव. त्या म्हणजेच मालतीबाई बेडेकर. बाई स्वतःच्या शब्दांत बोलली, पण नाव झाकून.

आता आपल्या गटाचं पाहू. अहवालात आम्ही लिहितो, ‘सदर महिलेने कर्ज घेऊन शेळ्या घेतल्या. परतफेड नियमित.’ त्यात खोटं काही नाही. पण हप्त्यासाठी तिनं काय काय मोडलं, घरात कुणाचं ऐकून घेतलं, हे त्या ‘सदर महिले’त कुठं दिसतं?

म्हणून पुढच्या बैठकीत एवढं करू. प्रत्येकीनं आपली पाच वाक्यं ‘मी’ म्हणून सांगायची. जिला लिहिता येत नाही, तिचं शेजारणीनं लिहायचं, पण तिच्याच शब्दांत. खाली नाव घालायचं की नाही, हे जिची गोष्ट तिनंच ठरवायचं.