सभागृह आणि रस्ता : प्रा. एन. डी. पाटील यांची संसदीय वाटचाल

सांगली जिल्ह्यातील ढवळी येथे १९२९ साली शेतकरी कुटुंबात जन्मलेले प्रा. नारायण ज्ञानदेव तथा एन. डी. पाटील हे शेतकरी कामगार पक्षाचे नेते म्हणून १९६० साली प्रथम विधान परिषदेवर, म्हणजे थेट जनतेकडून न निवडल्या जाणाऱ्या वरिष्ठ सभागृहावर गेले आणि सहा वर्षांच्या तीन मुदती मिळून १८ वर्षे तेथे राहिले. १९७८ मध्ये शरद पवार यांच्या पुलोद, अर्थात पुरोगामी लोकशाही दल या बिगरकाँग्रेसी आघाडीच्या शासनात त्यांच्याकडे सहकार खाते आले. परंतु हे मंत्रिपद अल्पकाळचेच ठरले, आणि त्यावरून त्यांचे मोजमाप करणे अपुरे होईल.

१९८५ साली कोल्हापूर शहराने त्यांना विधानसभेवर पाठविले. सभागृहातील अभ्यासू मांडणी आणि बाहेरचा मोर्चा यांत त्यांनी फारकत केली नाही, हे पुढे कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात प्रकर्षाने दिसले. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर, म्हणजे कंत्राटदाराने स्वखर्चाने रस्ते करून खर्च पथकरातून वसूल करावा या कराराने, शिरोली, फुलेवाडी अशा शहराच्या वेशींवरच टोलनाके उभे राहिले, तेव्हा ऐंशीच्या घरातील हे माजी आमदार सर्वपक्षीय कृती समितीच्या अग्रभागी होते. टोल अखेर रद्द झाला. त्यांनी लावून धरलेला महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील मराठी भाषकांचा प्रश्न मात्र १७ जानेवारी २०२२ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले तेव्हाही सर्वोच्च न्यायालयात प्रलंबितच होता.