मुंबईत पहिली रेल्वे आणणाऱ्या कंपनीला तोटा होणं शक्यच का नव्हतं?

खांदा कॉलनीत राहणाऱ्यांचा दिवस खांदेश्वर स्टेशनवरच्या लोकलने सुरू होतो. पण देशातली पहिली प्रवासी रेल्वे सुरू करणाऱ्या कंपनीने पनवेलला रूळ आणलेच नव्हते. उलट पनवेलचं महत्त्व तिच्यामुळेच घटलं. त्याआधी मुंबईहून पुण्याला जायचं तर होडीने पनवेल आणि पुढे रस्त्याने खोपोली, बोरघाट असा प्रवास असे.

ही कंपनी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, जीआयपी. आजी-आजोबांच्या तोंडी अजून 'जीआयपी' ऐकू येतं, ती हीच. ब्रिटिश संसदेच्या कायद्याने १८४९ मध्ये ती स्थापन झाली. मुंबईत रेल्वे यावी म्हणून नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय आधीपासून धडपडत होते.

पैसा मात्र लंडनच्या गुंतवणूकदारांचा. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना ५ टक्के परताव्याची हमी दिली. जमीनही फुकट. रेल्वे तोट्यात गेली तर फरक भरायचा तो भारताच्या महसुलातून, म्हणजे इथल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून! मग खर्चाला आवर घालायचा कशाला? या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी ३४ किलोमीटरची पहिली गाडी धावली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. ही तारीख सगळ्यांना पाठ असते. खरी परीक्षा बोरघाटात झाली. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर लगेच आजारपणात गेले आणि त्यांची पत्नी अ‍ॅलिस यांनी ठेका पुढे चालवला. एका वेळी ४० हजारांहून जास्त मजूर घाटात राबत होते. कॉलरा, ताप आणि अपघातांत हजारो मेले. त्यांची नावं कुठेच कोरलेली नाहीत. १८६३ मध्ये घाट खुला झाला.

१९०० मध्ये सरकारने ही रेल्वे विकत घेतली, तरी कारभार कंपनीकडेच ठेवला. तो १९२५ मध्ये सरकारकडे आला. त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेवरची गाडी धावली, तीही हार्बर मार्गावरून. ५ नोव्हेंबर १९५१ ला जीआयपी मध्य रेल्वेत विलीन झाली.

आणि तो हार्बर मार्ग पनवेलला पोहोचला १९९८ मध्ये.