महजर ते एफआयआर : सीमाभागातील पोलिसी कागदाची भाषा

खानापूर तालुक्यातील नंदगड हे गाव संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीसाठी सर्वज्ञात आहे. २६ जानेवारी १८३१ रोजी इंग्रजांनी त्याला येथे फाशी दिली. त्याच्या पराक्रमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या हुद्द्याविषयी मात्र क्वचितच. रायण्णा कित्तूर संस्थानातील शेतसनदी होता. गावाची राखण करावी, चोरापोरांवर नजर ठेवावी, प्रसंगी हत्यार उचलावे आणि या चाकरीबद्दल सनदेने मिळालेली जमीन कसावी, असा हा पेशा. आजच्या हिशेबाने तो गावचा पोलीसच. कन्नड मातीतल्या या वीराच्या हुद्द्याचे नाव पाहा : ‘शेत’ मराठी, ‘सनद’ अरबी-फारसी. १८२९-३० च्या उठावात त्याच्या माणसांनी सरकारी कचेऱ्या जाळल्या. त्यामागे युद्धनीती होतीच. पण ज्या दप्तराच्या जोरावर जमिनी जप्त होत आणि सारा वाढे, ते दप्तर जाळण्यात रयतेला काय वाटले असेल, हे कोर्टात तीस वर्षे कागद चाळणाऱ्या माझ्यासारख्याला सहज समजते.

एक गोष्ट आपण मराठी भाषकांनी प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. १८१८ नंतर दक्षिण मराठा मुलखात इंग्रजी अंमल बसला, तेव्हा कचेरीतील कारकून जुन्याच राजवटीतून आले होते आणि त्यांची लेखणी मोडी मराठीत चाले. धारवाड-बेळगावकडील कन्नड शेतकऱ्याचे गाऱ्हाणे मराठीत उतरे. ते त्याला वाचता येत नसे. आज खानापूर-निपाणीकडील मराठी शेतकरी पोलीस ठाण्यात ज्या अवस्थेत उभा असतो, त्याच अवस्थेत त्या काळी कन्नड शेतकरी उभा होता. हा प्रश्न कोणत्या एका भाषेने दुसरीवर केलेल्या अन्यायापुरता नाही. ज्याचे दुःख, त्याला आपल्या दुःखाचा कागद वाचता येतो की नाही, हा तो प्रश्न आहे.

मराठेशाहीतील न्यायाचे कागद या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. तंटा उभा राहिला की अग्रवादी आणि पश्चिमवादी आपापला ‘करीना’ लिहून देत. करीना म्हणजे हकिकत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. गोतसभा दोन्ही करीने ऐके, साक्षी घेई आणि निर्णयाचा ‘महजर’ होई. त्या महजरात सभेला कोण कोण हजर होते, हे नावानिशी नोंदलेले असे. किंबहुना ‘महजर’ हा शब्दच ‘हजर’ या शब्दाच्या मूळ धातूपासून आला आहे : दहा जणांच्या हजेरीत झालेला कागद. सही न येणारा पाटील नांगराची निशाणी करी, शेट्ये तराजूची. निरक्षर माणसाची निशाणी तेथे चाले, कारण तो कागद चार लोकांत मोठ्याने वाचला गेलेला असे. त्या न्यायाची भलामण मी करणार नाही. जातीची उतरंड त्या सभेतही होती आणि दिव्य करून खरेखोटे ठरवण्याची रीतही. परंतु कागद आणि बोलणारा यांच्यात अंतर पडू नये, ही जाण त्या पद्धतीत होती.

पुढे हा शब्द दोन वाटांनी गेला. महाराष्ट्रात ‘महजर’ इतिहास संशोधकांच्या दप्तरात राहिला आणि पोलिसांच्या तोंडी ‘पंचनामा’ रुळला. कर्नाटकात मात्र घटनास्थळाच्या पंचनाम्याला आजही ‘महजरु’ म्हणतात. खानापूरच्या कोर्टात हा शब्द प्रथम ऐकणारा मराठी पक्षकार बिचकतो. त्याच्या खापरपणजोबांनी कदाचित त्याच नावाच्या कागदावर नांगर उमटवला असेल, हे त्याच्या ध्यानीही नसते. ‘फिर्यादी’, ‘आरोपी’, ‘ठाणे’, ‘दाखल’ हे शब्द थोड्याफार फरकाने दोन्ही भाषांत आहेत. ‘फिर्याद’ हा मूळ फारसी शब्द. अर्थ, मदतीसाठी मारलेली हाक. या हाकेचा कागद कसा करावा, याचाच सारा खटाटोप आहे.

इंग्रजांनी तो खटाटोप कायद्यात बांधला. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ठाण्यात आलेली खबर लेखी उतरवण्याचे बंधन घातले. १८८२ च्या संहितेत ते कलम १५४ झाले आणि १९७३ च्या संहितेपर्यंत त्याच क्रमांकाने टिकले. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ आहे. गावपातळीवर १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटलाला हातात लेखणी दिली. गावात कोणी अकस्मात मेले, तर त्याने समजूतदार माणसे बोलवावीत, मृत्यूचे कारण पाहावे आणि लेखी अहवाल पाठवावा. हा पाटील गावचाच असल्याने मृताची बोली त्याला येत असे. कोणते नाते, कोणते शेत, कोणता बांध, हे त्याला विचारावे लागत नसे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. फक्त चंदगड तालुका मुंबईकडे राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. तेथे १९६७ च्या कायद्याने पोलीस पाटील टिकला. इकडे १९६१ च्या कायद्याने वंशपरंपरागत ग्रामाधिकार संपले; ते संपायला हवेच होते, पण त्यासोबत ठाणे आणि घर यांच्यामधला बोलीचा दुवाही गेला. १९६३ च्या कायद्याने कन्नड राजभाषा झाली. परिणामी चंदगडच्या फिर्यादीचा कागद मराठीत होतो आणि त्याच्या खानापूरच्या मेहुण्याचा कन्नडमध्ये. (महाजन आयोगाने महाराष्ट्राला द्यावयाच्या गावांत नंदगड आणि खानापूर यांची नावे घातली होती, हे वाचकांना ठाऊक आहेच; तो विषय आज बाजूला ठेवू.)

भाषांतरात काय घडते, याचे एक उदाहरण माझ्या वकिलीतील आहे. एका विवाहितेने ठाण्यात तोंडी सांगितले : ‘आत्तेने माझ्या नवऱ्याला चिथावले, मामाने काठी आणून दिली.’ ही तिच्या माहेरची माणसे होती, बापाची बहीण आणि आईचा भाऊ. वाद होता जमिनीचा. लिहून घेणाऱ्याने कन्नडमध्ये ‘अत्ते’ आणि ‘माव’ असे लिहिले. कन्नडमध्ये ‘अत्ते’ म्हणजे आत्याही आणि सासूही. ‘माव’ म्हणजे मामाही आणि सासराही. मामेबहिणीशी, आतेबहिणीशी लग्न करण्याची रीत जेथे जुनी, तेथे ही नाती एका शब्दात सामावतात. इरावती कर्वे यांनी उत्तर-दक्षिणेतील नात्यांच्या रचनेचा हा भेद विस्ताराने मांडला आहे. लिहिणाऱ्याची भाषा चुकली नव्हती. पण तपासात सासू-सासऱ्यांची नावे आली, प्रकरण हुंड्याच्या छळाच्या वळणावर गेले आणि दोन वृद्ध माणसे अटकपूर्व जामिनासाठी माझ्या कार्यालयात येऊन बसली. त्या बाईने खाली सही केली होती. वाचून दाखवले का, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘दाखवलं की, पण कन्नडात.’

कायद्यात याचे उत्तर आहे. तोंडी खबर लिहून घेतल्यावर ती देणाऱ्याला वाचून दाखवली पाहिजे, मगच सही. आणि प्रत विनामूल्य दिली पाहिजे. न समजणाऱ्या भाषेत वाचणे म्हणजे वाचून दाखवणे नव्हे. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हरिकिसन यांचे प्रकरण आले. स्थानबद्धतेची कारणे त्यांना इंग्रजीत दिली होती, त्यांना इंग्रजी येत नव्हते, हिंदी प्रत मागितली तर नाकारली गेली. तोंडी भाषांतर पुरेसे नाही असे म्हणून न्यायालयाने स्थानबद्धता रद्द ठरवली. तेथे चूक महाराष्ट्र सरकारची होती, हेही लक्षात ठेवावे. स्थानबद्धता आणि फिर्याद यांचे नियम वेगळे आहेत. पण तत्त्वाचे नाते मला स्पष्ट दिसते. त्याखेरीज राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० अन्वये गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी प्रथम घरीच, मराठीत, आपल्या हाताने करीना लिहायला सांगतो. ‘परवा’ लिहू नका, तारीख आणि वेळ लिहा. ‘परवा’ मराठीत मागेही जातो आणि पुढेही, कन्नडमध्ये त्यासाठी ‘मोन्ने’ आणि ‘नाडिद्दु’ असे दोन वेगळे शब्द आहेत. नाते सांगताना ‘आत्ते’वर थांबू नका; ‘वडिलांची सख्खी बहीण’ म्हणा आणि तिचे पूर्ण नाव द्या. स्वतः पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवा. ‘बेदम मारले’ या दोन शब्दांनी काहीच सिद्ध होत नाही. कोणी, कशाने, कोठे, किती वेळा, तेव्हा उजेड होता की अंधार, हे आले पाहिजे. विशेषणे गाळा, त्यांनी उलटतपासणी करणाऱ्या वकिलाचेच पोट भरते. आणि उशीर करू नका. १९७२ च्या तुलिया काली प्रकरणात ठाणे दोन मैलांवर असताना फिर्याद वीस तासांहून अधिक उशिरा दिली गेली. त्या उशिराने खुनाच्या खटल्याचा पायाच ढासळला. उशीर झालाच असेल, तर कारण त्याच कागदात लिहा.

हा मराठी कागद सही करून ठाण्यात द्यावा, पोच घ्यावी आणि कन्नड फिर्यादीसोबत तो जोडावा अशी नम्रपणे विनंती करावी. हुज्जत नको, बहुतेक अंमलदारांना मराठी बोललेली समजते आणि बरेच जण जोडूनही घेतात. साक्षीदाराच्या जबाबाची गोष्ट निराळी : तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही करण्याची गरज नाही, कायदाच तसे सांगतो. सही मागितली तर कशावर, हे विचारावे.

त्या विवाहितेचे पुढे काय झाले, असे विचाराल. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे तिचा जबाब पुन्हा झाला. दुभाषी होता. ‘आत्ते म्हणजे कोण?’ या पहिल्याच प्रश्नाला तिने उत्तर दिले, ‘माझ्या बापाची थोरली बहीण,’ आणि दुभाष्याने ‘तंदेय अक्क’ असे सांगितले. लघुलेखकाने तसेच टंकले.